खोडरबर काढून घेऊ नका

"मॅडम, पोरगं सारखं खोडत बसतं." शाळा सुरू होऊन महिना उलटला की ही तक्रार मुलांसोबत चित्रांतून काम करणाऱ्या माझ्याकडं येतेच, कधी बेळगावच्या शहापुरातून, कधी खानापूर-निपाणीकडून. बहुतेक घरांत एव्हाना खोडरबर काढून घेतलेला असतो.

तिसरीतल्या एका मुलाची आई म्हणाली, "रबर दडवला तर थुंकी लावून बोटानं खोडायलाय. वहीला भोकं पडल्यात बघा की." घरी मराठी, शाळेत कन्नड. गोल अक्षर जरा चपटं झालं की अख्खी ओळ खोडायची.

वही बाजूला ठेवली. जाड कागदावर ६बी ही मऊ, गडद पेन्सिल आडवी धरून आम्ही दोघांनी सगळं काळं केलं, कापसानं घासून एकसारखं केलं.

"घाण झालं की ओ," तो पुटपुटला.

"मग खोड." रबराचा कोपरा ब्लेडनं कापून मी त्याच्या हातात दिला.

काळ्यातून पांढरी रेघ निघाली. तो बघतच राहिला. मग रेघेखाली चौकोनी पेटी आली, भोवती ठिणग्या. "पप्पा लोखंड ओततात ते." वडील उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला, डबा द्यायला गेल्यावर त्यानं दारातून पाहिलं होतं. एका जागी पांढरं जास्त झालं. मी मुद्दाम गप्प राहिले. त्यानं पेन्सिल उचलली, "परत काळं करतो" म्हणाला आणि केलंही. ना रडणं, ना कागद फाडणं.

याच क्षणाची मी वाट बघत होते. खोडणं म्हणजे चूक लपवणं, एवढंच त्याला ठाऊक होतं. इथं खोडूनच चित्र झालं, आणि बिघडलेलं सावरताही आलं. "चुकलं तरी चालतंय" असं आईनं हजारदा सांगितलं होतं. माझा ठाम विश्वास आहे, या वयात समज आधी हाताला येते, शब्द मागून येतात. वहीतली भोकं त्यानंतर हळूहळू कमी झाली, मध्येच पुन्हा वाढली, मग थांबली.

घरी करायचं तर ४बी किंवा ६बी पेन्सिल घ्या. नेहमीच्या लिहायच्या एचबीत माती जास्त, ती हवी तेवढी गडद होत नाही. दाबून घासू नका, कागदाला चर पडला की पांढरं निघत नाही. बोटानं पुसू नका, तेलकट डाग राहतात. रबर काळा झाला की रद्दी कागदावर घासून घ्या. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. हात काळे झाले तर होऊ द्या. आणि लगेच "छान" म्हणू नका, "हे काय चाललंय?" एवढंच विचारा. गृहपाठाच्या वेळी मात्र हा खेळ नको.

खोडण्याबरोबर सारखे हात धुणं, तेच तेच तपासत बसणं, शाळेच्या नावानं पोट दुखणं दिसलं, तर चित्रावर थांबू नका, बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.