गप्पी मादी नर निवडते तेव्हा तिच्या मेंदूत काय होतं?

तुम्ही विचारलंय की घरच्या टाकीत दोन नर आणि एक मादी असे गप्पी आहेत. मादी केशरी शेपटीच्या नराच्या आसपास राहते आणि फिकट नर जवळ आला की पळते. तर माशांना खरंच आवडनिवड असते, की सगळं जनुकांत आधीच ठरलेलं असतं?

आवडनिवड असते. जनुकांचाही त्यात हात आहे, पण 'आधीच ठरलेलं' हे मात्र बरोबर नाही. मी पुण्यात बीएस्सीच्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवते आणि दर वर्षी गाडी इथेच अडते. जनुकं म्हणजे जन्मवेळी मांडलेली पत्रिका, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मेंदूतल्या पेशी तर दिवसभर काही जनुकं चालू करतात, काही मंद करतात, आणि समोर कोण आलंय त्यावरही ते अवलंबून असतं.

ईशान्य मेक्सिकोतल्या नद्यांत स्वोर्डटेल माशांची एक जात आहे, झिफोफोरस नायग्रेन्सिस. गप्पींच्या भावकीतलीच. तिच्यातले मोठे नर मादीपुढे नाचून दाखवतात; छोटे नर नाचबिच काही न करता मागे लागून जबरदस्ती करू बघतात. टेक्सस विद्यापीठातल्या मॉली कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही माद्यांना मोठ्या नरांसमोर ठेवलं, काहींना छोट्या नरांसमोर, काहींना नुसत्या दुसऱ्या माद्यांसमोर. फक्त अर्धा तास. मग लगेच मेंदूतल्या आरएनएवरून, म्हणजे चालू जनुकाच्या नकलेसारख्या रेणूवरून, कोणतं जनुक किती चालू आहे ते मोजलं. 2008 साली आलेला हा निष्कर्ष मला अजूनही थक्क करतो: माद्यांच्या संगतीत जी जनुकं वर गेली होती, त्यांतली बरीचशी मोठ्या, देखण्या नरासमोर खाली आली होती. मनासारखा नर दिसला की मेंदूत सगळं पेटून उठत असेल असं आपल्याला वाटतं. इथे सगळ्यात जास्त जनुकं मंदावली ती नेमकी तेव्हाच. एरवी मादीला धरून ठेवणारा आवर अशा वेळी सुटत असावा, असा अर्थ कमिंग्ज यांनी सुचवला.

पुढच्या कामात न्यूरोसर्पिन आणि न्यूरोलिजिन-3 या दोन जनुकांचा मादीच्या पसंतीशी संबंध दिसला. दोन्ही जनुकं चेतापेशींमधले जोड घडवण्या-बदलण्याशी निगडित आहेत, म्हणजे शिकण्याशी आणि लक्षात ठेवण्याशी. 2014 मध्ये याच गटाने शिकण्यासाठी लागणारे मेंदूतले एक प्रकारचे ग्राही (चेतापेशीवरचे संदेश पकडणारे रेणू) औषधाने बंद केले, तर माद्यांची पसंतीच विस्कटली. निवड करताना मादी मेंदूतली शिकण्याची यंत्रणाच वापरते, हे त्यावरून दिसतं.

तुमच्या गप्पींवरही काम झालंय. स्टॉकहोममध्ये पिढ्यान्‌पिढ्या निवडून मोठ्या मेंदूचे आणि लहान मेंदूचे गप्पी वाढवले आहेत. मोठ्या मेंदूच्या माद्या रंगीत नराकडे वळल्या, लहान मेंदूच्या माद्यांनी तसा फरक केला नाही. रंग दोघींनाही सारखेच दिसत होते. म्हणजे फरक डोळ्यांत नव्हता, दिसलेल्याचं मेंदू काय करतो त्यात होता.

आता तुमच्या टाकीबद्दल. पळणारी मादी नेहमी 'नापसंत' म्हणूनच पळते असं नाही. गप्पी मादी बहुतेक काळ गाभण असते आणि तेव्हा ती कुणालाच दाद देत नाही. पिल्लं दिल्यावर दोन-चार दिवस ती खऱ्या अर्थाने निवड करते. तेव्हाच बघा. नर तिच्या पुढ्यात येतो, अंग इंग्रजी 'एस'सारखं वाकवतो, पंख ताणतो आणि जागच्या जागी थरथरतो. मादीला पसंत असेल तर ती त्याच्याकडे संथपणे, जणू तरंगत सरकते. हे सरकणं एकदा नीट पाहिलंत की पुन्हा चुकणार नाही. मागून येऊन घाईने टोचू पाहणाऱ्या नराच्या वाट्याला ते येत नाही.

मी माझ्या दोन फुटी टाकीत दोन काचा लावून तीन भाग केलेत: दोन्ही टोकांना एकेक नर, मधे मादी. दहा मिनिटं घड्याळ लावून ती कुठल्या काचेपाशी किती वेळ थांबते ते लिहायचं. दुसऱ्या दिवशी नरांच्या जागा बदलायच्या. ही अदलाबदल विसरू नका. माझी एक मादी तीन दिवस डावीकडच्या नरावर लुब्ध आहे असं मी समजत होते. जागा बदलल्यावर कळलं की तिला खिडकीकडची बाजू आवडत होती.

डेंग्यूच्या दिवसांत पालिका पाण्याच्या साठ्यांत सोडते ते साधे गप्पी मिळाले, तर त्यांच्यावरही हे करून बघा. दुकानातले नर शेपटीसाठी इतके पैदास केलेले असतात की ते मादीपुढे धड वळूही शकत नाहीत. साध्या गप्पीचा एवढासा केशरी ठिपका आणि त्याची ती चपळ थरथर पाहिली की मादी काय बघत असेल ते कळतं.