ओळखीचे चेहरे, अनोळखी माणसे

या महिन्याच्या टपालात मालिका, अभिनेते आणि रोज भेटणारी माणसे यांच्याविषयीची पत्रे इतकी आली की त्यांतील चार एकत्र घेणे मला योग्य वाटले.

प्रश्न : आमच्या कार्यालयात दुपारच्या सुट्टीत सगळे जण एका गाजलेल्या वेबमालिकेविषयी बोलत असतात. मी ती पाहिलेली नाही. पहिल्या दिवशी कोणीतरी "तू पाहिलीस ना?" असे विचारले आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेले. तेव्हापासून तीन आठवडे मी मान डोलावतो आहे आणि रात्री कथेचे सारांश वाचून दुसऱ्या दिवशीची वेळ मारून नेतो आहे. परवा एका प्रसंगावर माझे मत विचारले गेले, तेव्हा फोन आल्याचे निमित्त करून मी उठलो. आता खरे सांगितले तर हसे होईल. काय करावे?

उत्तर : सर्वांत आधी, तुमच्या त्या "हो"ला इतका मोठा अपराध समजू नका. चार माणसे एखाद्या गोष्टीत रंगलेली असताना आपणही त्यांच्यात असावे, असे वाटण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. अडचण एवढीच आहे की, ज्या घोळक्यात शिरण्यासाठी तुम्ही "हो" म्हणालात, त्याच घोळक्यातून तुम्हाला आता फोनचे निमित्त काढून उठावे लागते.

हसे होण्याची तुमची भीती खरी असली, तरी तिचे माप चुकलेले असण्याचा संभव मोठा आहे. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले होते. त्या वयाच्या मुलांना तो गायक जुनाट वाटत असल्यामुळे, असा टी-शर्ट घालून लोकांसमोर जाणे त्यांना अवघड झाले होते. खोलीतील निम्म्या मुलांच्या लक्षात तो चेहरा आला असेल, असा टी-शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो साधारण चौथ्या हिश्शाच्याच लक्षात आला होता. तुमच्या मान डोलावण्याचेही तसेच असावे. तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही काय म्हणालात हे तुम्हाला शब्दशः आठवते आहे, पण इतरांपैकी बहुतेकांना तो क्षण आठवतही नसेल.

शिवाय एखादी मालिका न पाहिलेली असणे ही आता अगदी सामान्य गोष्ट झाली आहे. पूर्वी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी एक भाग लागत असे आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी तोच विषय असे. 2013 साली नेटफ्लिक्सने आपल्या एका मालिकेचे तेराही भाग एकाच दिवशी उपलब्ध करून दिले. पुढे ही रीत रुळत गेली आणि शेजारी बसलेल्या दोघांनीही एकाच वेळी एकच गोष्ट पाहिलेली असण्याचा भरवसा उरला नाही.

उद्या सुट्टीत विषय निघाला की सरळ म्हणा, "त्या दिवशी मी घाईत हो म्हणालो, पण खरे तर मी ही मालिका पाहिलेली नाही. तुमचे बोलणे ऐकून आता उत्सुकता वाटते आहे. पहिल्या भागापासूनच पाहू ना?" एवढेच बोला आणि थांबा. आवडती गोष्ट न पाहिलेल्या माणसाला ती समजावून सांगण्यात लोकांना जो आनंद मिळतो, तो पाहिलेल्या माणसाशी बोलताना मिळत नाही, असा माझा अनुभव आहे. कोणी चिडवलेच, तर ते क्षणभर सोसा. रोज रात्री सारांश वाचण्यापेक्षा ते सोपे जाईल.

प्रश्न : माझी मैत्रीण प्रत्येक चित्रपटाचा शेवट मला आधीच सांगून टाकते आणि वर म्हणते, "शेवट माहीत असला की जास्त मजा येते." तिचे म्हणणे खरे आहे का?

उत्तर : अगदीच निराधार नाही. 2011 साली जोनाथन लीविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी केलेल्या प्रयोगांत ज्या वाचकांना कथेचे रहस्य आधी सांगितले होते, त्यांना त्या कथा सरासरीने अधिक आवडल्या. पुढच्या काही अभ्यासांत मात्र याच्या उलट आढळले, त्यामुळे या एका निष्कर्षाच्या आधारावर तिला कोणाचाही रसभंग करण्याची मोकळीक मिळत नाही. माझ्या मते येथे प्रश्न मजेच्या मापाचा नाहीच. शेवट आधी जाणून घ्यायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. तिला एकदा शांतपणे सांगा, "तुझे खरे असेलही, पण मला विचारल्याशिवाय सांगू नकोस."

प्रश्न : ज्यांचे काम मी शाळेत असल्यापासून पाहत आले, त्या अभिनेत्याचे अलीकडे निधन झाले. बातमी कळल्यावर मी अक्षरशः ढसाढसा रडले आणि दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही. घरातल्यांना हे विचित्र वाटले. "तो तुझा कोण लागत होता?" असे यजमानांनी विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्यांना एकदाही भेटलेले नाही. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : तुमचे काहीही चुकलेले नाही. घरात विचारला गेलेला प्रश्न कठोर वाटला, तरी त्याचे उत्तर आपण शोधायला हवे, कारण "कोण लागत होता" या शब्दांत रक्ताची आणि लग्नाची नाती मावतात, पण तुमचे नाते त्यांत मावत नाही.

या नात्याला अभ्यासकांनी नाव दिले, त्याला बराच काळ लोटला आहे. 1956 साली डोनाल्ड हॉर्टन आणि आर. रिचर्ड वोल यांनी असे मांडले की, रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरील माणसे आपल्याशी थेट बोलल्यासारखी बोलतात, ठरलेल्या वेळी न चुकता आपल्या घरात येतात, आणि त्यामुळे त्यांच्याशी आपली समोरासमोरची ओळख असल्याची भावना मनात तयार होते. ही ओळख एकतर्फी असते, म्हणजे आपण त्यांना ओळखतो आणि ते आपल्याला ओळखत नाहीत. पण एकतर्फी असणे वेगळे आणि खोटे असणे वेगळे. त्यांच्या चेहऱ्यावरील बारीक हालचाल तुम्हाला ठाऊक होती, त्यांचा आवाज तुम्ही बंद खोलीबाहेरूनही ओळखला असता. नात्यातल्या किती माणसांविषयी आपण असे म्हणू शकतो?

हे मी अनुभवाने लिहिते आहे. माझी आई अखेरच्या आजारात अंथरुणाला खिळलेली असताना तिच्या उशाशी एक छोटा रेडिओ असे. रात्री एक निवेदक जुनी गाणी लावत आणि दोन गाण्यांच्या मध्ये संथपणे चार वाक्ये बोलत. आईला झोप लागली असेल तर ती मोडू नये म्हणून मी आवाज इतका लहान ठेवत असे की शब्द कळण्यासाठी मला कान रेडिओजवळ न्यावा लागे. कार्यक्रम संपला की निवेदक "शुभरात्री" म्हणत आणि आई डोळे न उघडता हलकेच मान हलवत असे, म्हणजे ती जागी असल्याचे मला कळे. बऱ्याच वर्षांनी त्या निवेदकांच्या निधनाची बातमी वाचली, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि वर्तमानपत्र हातात तसेच धरून किती तरी वेळ रडत राहिले. मी त्या अनोळखी सद्गृहस्थांसाठी रडत होते, आणि आईच्या त्या हलणाऱ्या मानेसाठीही रडत होते. त्या रात्रींचा आणखी एक साक्षीदार होता आणि आता तोही राहिला नव्हता.

तुमच्या बाबतीतही असे काही असण्याचा संभव आहे. शाळेतले ते दिवस, ज्यांच्याबरोबर बसून ते काम पाहिले ती माणसे, ज्या घरात पाहिले ते घर, हे सर्व त्या अभिनेत्याशी जोडलेले असणार. एकदा शांतपणे बसून आठवा. दुःखाचा मोठा भाग कशाशी जोडलेला आहे हे उमजले, की त्याला हाताळणे सोपे जाते. पण समजा असे काहीच सापडले नाही आणि ते काम अतिशय आवडत होते एवढेच कारण उरले, तरी तेही पुरेसे आहे.

घरातल्यांच्या बोलण्यामुळे तुम्ही हे दुःख गिळून टाकू नका, असे मात्र मला आग्रहाने सांगायचे आहे. ज्या दुःखाला भोवतालचे लोक दुःख म्हणून मान्यता देत नाहीत, त्याचा विचार केनेथ डोका या अभ्यासकाने 1989 सालच्या आपल्या पुस्तकात केला आहे. अशा माणसाला कोणी भेटायला येत नाही, त्याच्या पाठीवर कोणी हात ठेवत नाही, आणि दुःखाबरोबरच ते लपवण्याचे ओझेही त्याला वाहावे लागते. यजमानांना उत्तर देताना वाद घालण्याची गरज नाही. "ते माझे कोणी लागत नव्हते, पण मी लहानाची मोठी झाले ती त्यांना पाहत," एवढे सांगा. मग त्यांचे तुम्हाला सर्वांत आवडलेले काम लावा आणि यजमानांना शेजारी बसायला सांगा. नंतर दोघे बोला, अथवा बोलू नका.

प्रश्न : मी रोज सकाळी ज्या बसथांब्यावर उभा असतो, तेथेच गेली सहा वर्षे एक वयस्कर गृहस्थ उभे असतात. आम्ही कधी एक शब्दही बोललेलो नाही. ते कानाला इअरफोन लावून गाणी ऐकतात आणि उजव्या पायाने ठेका धरतात, एवढेच मला त्यांच्याविषयी माहीत आहे. गेल्या महिन्यात ते तीन आठवडे दिसले नाहीत आणि मला रोज चुकल्या-चुकल्यासारखे होत होते. आता ते परत येऊ लागले आहेत, पण हातात काठी आहे. चौकशी करावीशी वाटते, पण इतक्या वर्षांनंतर अचानक बोलणे आगाऊपणाचे दिसेल का?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण ज्यांच्याशी आपण कधी बोललो नाही त्यांच्या उजव्या पायाचा ठेका लक्षात ठेवणाऱ्या माणसाला आगाऊपणाची शंका यावी, याचे मला वाईट वाटले.

तुम्हा दोघांमध्ये जे आहे त्याला स्टॅन्ली मिलग्राम या मानसशास्त्रज्ञाने 1972 साली "ओळखीचा अनोळखी" अशा अर्थाचे नाव दिले. रेल्वेस्थानकावर रोज एकत्र उभ्या राहणाऱ्या प्रवाशांची छायाचित्रे काढून त्यांनाच दाखवली, तेव्हा प्रत्येकाला सरासरी चार चेहरे असे सापडले की, जे पाहून ठाऊक होते पण ज्यांच्याशी कधी बोलणे झाले नव्हते. मिलग्राम यांचे मत असे होते की, हे अनोळखीपण एक प्रकारे दोघांनी मिळून सांभाळलेले असते आणि जितकी वर्षे जातात तितके ते मोडणे अवघड होते. तुम्हाला वाटणारा संकोच त्यातूनच आला आहे.

पण त्यांच्याच लेखनात ब्रुकलिनमधल्या एका स्त्रीची हकिगत आहे. ती रस्त्यात कोसळली, तेव्हा त्याच रस्त्यावर राहणारी दुसरी एक स्त्री पुढे झाली. दोघी एकमेकींना वर्षानुवर्षे फक्त पाहून ओळखत होत्या, तरी त्या स्त्रीने रुग्णवाहिका बोलावली आणि ती स्वतः तिच्याबरोबर रुग्णालयापर्यंत गेली. न बोलता जपलेली ओळखही वेळ येताच अशी कामी येते. अशी ओळख काठीमुळे किंवा गैरहजेरीमुळे सहज बोलती होऊ शकते, कारण आता विचारण्यासारखे काही घडलेले असते.

नकाराची भीती वाटत असेल, तर निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी 2014 साली शिकागोच्या प्रवाशांवर केलेले प्रयोग ध्यानात घ्या. अनोळखी सहप्रवाशाशी बोललो तर प्रवास कंटाळवाणा होईल, असा लोकांचा अंदाज होता. ज्यांना प्रत्यक्ष बोलायला सांगितले त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा अधिक सुखाचा झाला. अर्थात, काही माणसांना खरोखरच शांतता हवी असते आणि इअरफोन ही त्याची खूण असू शकते. म्हणून ते कानातून काढलेले असतील तेव्हा बोला, किंवा नजरानजर झाल्यावर आधी केवळ हसा आणि ते हसतात का ते पाहा.

हसले, तर म्हणा, "बरेच दिवसांत दिसला नाहीत." आपल्या भाषेत या वाक्याला प्रश्नचिन्ह लागत नाही, आणि त्यामुळे उत्तर देण्याची सक्तीही होत नाही. ते "हो, जरा बाहेर नव्हतो पडत" असे म्हणून थांबतील, किंवा सगळे सविस्तर सांगतील. काठीचा उल्लेख तुम्ही करू नका, तो त्यांना करायचा असेल तर ते करतील. बस आली आणि बोलणे अर्धे राहिले, तरी वाईट वाटून घेऊ नका, कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघे पुन्हा तेथेच असणार. आणि दोन-तीन दिवस असेच गेले, की ज्या गाण्यावर तो पाय ठेका धरतो ते कोणते, हे त्यांना अवश्य विचारा.