म्हातारा कुत्रा रात्री खोकतो, धापा टाकतो: हार्टचं दुखणं आहे हे घरी कसं ओळखायचं?

तुमचा पॉमेरेनियन ११ वर्षांचा आहे आणि शेजारी म्हणतात, ‘वयामुळे होतं.’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. वय म्हणजे आजार नव्हे. लहान चणीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची मायट्रल झडप जाड होऊन गळायला लागते आणि रक्त उलटं ढकललं जातं. तसं वर्षानुवर्षं निभतं, मग एखाद्या रात्री फुप्फुसात पाणी भरतं.

म्हणून आजपासून झोपेतला श्वास मोजा. छाती वर जाऊन खाली आली की एक. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत असेल तर ठीक. वर गेला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तरी वरच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. ४० च्या पुढे गेला तर मध्यरात्रीसुद्धा निघा. लोक फिरून आल्यावर मोजतात, उकाड्यात मोजतात, स्वप्नात पाय झाडत असताना मोजतात. ते आकडे कुचकामी. आणि वहीत रोज लिहा, कारण नेहमी १८ असणारा २८ वर आला तर तेही डॉक्टरांना कळायला हवं.

कोपरं बाहेर फाकवून, मान ताणून बसलाय, आडवा व्हायला तयार नाही, श्वासागणिक पोट आत खेचलं जातंय, हिरड्या पांढऱ्या, राखाडी किंवा निळसर झाल्यात: यातलं काहीही दिसलं तर मोजत बसू नका. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आत बघा. अचानक लुळा पडून मिनिटभरात उठला, तरी त्याच दिवशी दाखवा.

नेताना कुशीवर दाबून झोपवू नका, तोंड बांधू नका, पाणी पाजू नका. गाडीत एसी लावा. आधी फोन करून ऑक्सिजन आहे का विचारा, कारण प्रत्येक दवाखान्यात तो नसतो. आजोबांच्या डब्यातली लघवीची गोळी अंदाजाने देऊ नका.

आता हेही सांगतो, प्रत्येक खोकला हार्टचा नसतो. पॉमेरेनियनची श्वासनलिका चपटी होते, मग तो बदकासारखा ओरडल्यागत खोकतो. नाकाने सूं-सूं करत हवा आत ओढणं, म्हणजे उलटी शिंक, बहुधा निरुपद्रवी. फरक एक्स-रे आणि इकोवर (म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर) कळतो, मोबाइलवर व्हिडिओ काढून नेलात तर डॉक्टरांचं काम सोपं. शेजाऱ्यांच्या मध-हळदीवर मात्र कळत नाही. त्यांना स्वतःला रात्री धाप लागली तर तेही मध चाटून झोपतात का, विचारा.