एडा नाव ठेवू का, असं विचारलंत म्हणून

मार्चमध्ये तुम्ही दोघं नॉटिंगहॅमला येताय, जूनमध्ये बाळ होणार, आणि मुलगी झाली तर 'एडा' नाव ठेवायचं म्हणताय. हे नाव कुठलं, अर्थ काय आणि इथे फार जुनाट वाटेल का, असं विचारलंत. मी बारा वर्षं याच गावात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुनाट आहे, पण सध्या तीच हौस आहे. इथे सुझन, लिंडा ही आजीची नावं झाली, ती कोणी ठेवत नाही. पणजीची नावं मात्र परत गोड वाटू लागली आहेत. माझ्या लेकीच्या नर्सरीत एल्सी, आयव्ही, मेबल सगळ्या होत्या. एडाचंही तसंच. व्हिक्टोरिया राणीच्या उत्तरकाळात घरोघरी, मग कितीतरी वर्षं दिसेनासं, आणि आता पुन्हा पहिल्या शंभरात. (आपल्याकडे रमा परतली, गोदावरी अजून वाटेवर आहे.)

मूळ जुन्या जर्मानिक भाषांतलं. 'अडल' म्हणजे कुलीन. ॲडलेडसारख्या लांबलचक नावांचं ते छोटं रूप. बायबलात लामेखच्या बायकोचं नाव 'आदा' आहे, पण ते हिब्रू, अर्थ दागिना. दिसायला सख्ख्या बहिणी, नातं काही नाही. तुमच्या सासूबाईंना आठवलेली 'अदा' तर तिसरीच, अरबी-फारसीतून आलेली.

तुम्ही प्रोग्रामर, म्हणजे मनात जगातली पहिली प्रोग्रामर म्हणून ओळखली जाणारी एडा लव्हलेस असणारच. १० डिसेंबर १८१५ चा तिचा जन्म. वडील कवी बायरन. तिचं पहिलं नाव खरं तर ऑगस्टा, बायरनच्या सावत्र बहिणीवरून. ती महिन्याची झाली तेव्हा आई तिला घेऊन माहेरी गेली, आणि बायरन १८१६ मध्ये देश सोडून गेला तो तिला पुन्हा कधी भेटला नाही. एडा हे नाव मात्र त्याच्या आवडीचं होतं: छोटं, जुनं, स्वरांनी भरलेलं. लव्हलेस हे आडनाव नव्हे, नवऱ्याला १८३८ मध्ये मिळालेली पदवी. १८४३ मध्ये तिने चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने आखलेल्या गणकयंत्रावरच्या लेखाचा अनुवाद केला आणि खाली मूळ लेखाच्या तिप्पट टिपणं जोडली. बर्नुली संख्या (गणितातली एक खास मालिका) त्या यंत्रावर काढायची रीत त्यातच आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एका संगणकभाषेला तिचं नाव दिलं, आणि त्या भाषेच्या मानकाचा क्रमांकही १८१५ ठेवला. छत्तिसाव्या वर्षी ती गेली; बायरनही छत्तिसाव्याच वर्षी गेला होता.

आता खरी अडचण. फोनवर तुमच्या आईने "एडा कशी आहे?" म्हटलं की शेजारच्या काकूंना 'येडा' ऐकू येणार, आणि सुट्टीत गावी आलात की चुलतभावंडं तिला 'येडी' म्हणणार, यावर मी पैज लावते. इंग्लंडमध्ये या नावाला कोणी हसणार नाही, हसतील ते आपलेच. मला विचाराल तर बारशाला घरचं नाव वेगळं ठेवा, इरा किंवा उमा, आणि कागदावर दोन्ही घाला. इथे त्यात कोणाला काही वाटत नाही. उलट नुसतं इरा ठेवलंत तरी इथल्यांना ते सहज म्हणता येतं.

जन्माची नोंद ४२ दिवसांत रजिस्टर ऑफिसला करावी लागते, तेव्हा नाव आधी पक्कं करून ठेवा. तुम्ही दोघं कामाच्या व्हिसावर, म्हणून बाळ आपोआप ब्रिटिश होणार नाही. भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत नोंद करा, आणि दोन्हीकडे स्पेलिंग अक्षर न् अक्षर एकच ठेवा.

बाकी, एडाला पुरलंय ते इथेच, हकनॉलच्या चर्चमध्ये, बापाशेजारी. ट्रॅमचा शेवटचा थांबा हकनॉल, आणि चर्च तिथल्या बाजाराच्या चौकातच. पोटुशीला चालायला बरं असतं. मे महिन्यात ऊन पडलं की सांगा, मी येते सोबत.