मान हलवलेली कागदावर उमटत नाही

प्रिय बाळ,

रेल्वे युनियनची लोकल चेअरमन होऊन महिना झाला नाही तोच पहिलं इन्व्हेस्टिगेशन, म्हणजे आपल्या एका कामगारावरची कंपनीची चौकशी, गळ्यात पडलं म्हणतेस. "बोर्डापुढे काय बोलायचं?" असं विचारलंस. अगं, शेवटचा निकाल देणाऱ्या त्या बोर्डापुढे तू नसशीलच. तिथे युनियनच्या जनरल चेअरमनच्या ऑफिसातलं कोणीतरी बसेल, साक्षीदार तर एकही नसेल. तिथवर पोचतो तो फक्त कागद. तेव्हा काळजी करायची ती येत्या मंगळवारच्या चौकशीची.

माझे मामा भुसावळला रेल्वेत होते. 'अमक्याला एसएफ-५ मिळाला', म्हणजे आरोपपत्र मिळालं, अशी कुजबुज ऐकतच मी वाढलो. अमेरिकेत येऊन पाहतो तर पहिला अंक तसाच. आरोप ठेवणारी कंपनी, आणि चौकशीला बसणारा हिअरिंग ऑफिसरही तिचाच माणूस. यावर चिडण्यात वेळ घालवू नकोस. युनियन-कंपनीच्या करारानेच ते मान्य केलंय, नुसत्या तेवढ्यावरून बोर्ड केस उलटवत नाही.

पुढचं मात्र वेगळं. मामांच्या लोकांना वरच्या साहेबाकडे अपील, मग कॅट, म्हणजे सरकारी नोकरांचं न्यायाधिकरण. इथे १९२६ चा रेल्वे लेबर ॲक्ट. माणसाची नोकरी गेली तरी या कायद्याच्या लेखी तो 'मायनर डिस्प्यूट', कारण भांडण असलेल्या कराराच्या अर्थाचं. त्यासाठी संपही करता येत नाही, १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टानेच तसं सांगितलंय. आधी कंपनीतच वरपर्यंत अपील आणि कॉन्फरन्स. तिथे मिटलं नाही तर १९३४ च्या दुरुस्तीने आलेला शिकागोचा नॅशनल रेलरोड ॲडजस्टमेंट बोर्ड, नाहीतर १९६६ नंतरचे पब्लिक लॉ बोर्ड: एक कंपनीचा, एक युनियनचा, मधे एक न्यूट्रल, म्हणजे तटस्थ पंच. न्यूट्रलची फी सरकार भरतं, हे एक बरं आहे.

हा न्यूट्रल नव्याने खटला चालवत नाही. चौकशीचं ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे शब्दशः नोंद, वाचतो. चौकशी करारानुसार, सरळपणे झाली का? आरोपाला पुरेसा, विश्वासार्ह पुरावा आहे का? शिक्षा चुकीच्या मानाने अवाजवी तर नाही? एवढंच पाहतो. नवा पुरावा चालत नाही. कोण खरं बोललं यातही सहसा पडत नाही, कारण त्याने कोणाचा चेहरा पाहिलेला नसतो. आणि त्याने दिलेला अवॉर्ड, म्हणजे निकाल, कोर्टात हलवणं म्हणजे डोंगर हलवणं.

माझी पहिली केस सांगतो. करारात ठरलेल्या मुदतीनंतर हिअरिंग ठेवलं होतं. मी दिवस मोजले, खूश झालो. मधल्या सुट्टीत, कॉफीच्या मशीनजवळ, हिअरिंग ऑफिसरला सांगितलं. त्याने मान हलवली. मला वाटलं, झालं काम. रेकॉर्डर बंद होता. पुढे अवॉर्डमध्ये त्यावर एकच ओळ आली: हरकत चौकशीत नोंदवलेली नाही, सबब विचारात घेता येत नाही. तो रेल्वेतला कंडक्टर नंतर ट्रक चालवायला लागला. मला भेटला की हसून बोलायचा, तेच जास्त लागायचं.

म्हणून हरकती सुरुवातीलाच, रेकॉर्डर चालू असताना, तारखांसकट. नोटीस मोघम असेल तर तसं म्हण. व्हिडिओ किंवा इंजिनातल्या इव्हेंट रेकॉर्डरचा डेटा आधीच लेखी माग. नाही दिला तर 'मागितला होता, मिळाला नाही' हेही वदवून घे. साक्षीदार हाताने दाखवत "इथून तिथपर्यंत" म्हणाला तर लगेच बोल, "नोंदीसाठी, साक्षीदाराने अंदाजे वीस फूट अंतर दाखवलं." कंपनीचा ट्रेनमास्टर "मी डोळ्यांनी पाहिलं" म्हणाला तर तो खोटारडा आहे असं ओरडू नकोस. किती फुटांवरून, उजेड कसला, मधे किती डबे उभे होते, एवढं विचार आणि गप्प बस. युनियनच्या खोलीत टाळ्या मिळवणारं भाषण ट्रान्स्क्रिप्टमध्ये फार केविलवाणं दिसतं.

हिअरिंगआधी कंपनी त्या कामगारापुढे वेव्हर, म्हणजे चौकशीचा हक्क सोडायचा कागद, ठेवेल: चूक कबूल करा, थोड्या दिवसांत सुटा. आपली बरीच मंडळी त्याला शरणागती म्हणतात. मला ते पटत नाही. व्हिडिओत रुळांचा स्विच स्पष्ट चुकीचा दिसत असेल तर सही करणाऱ्याला भित्रा म्हणू नये. बोर्डाचा निकाल यायला खूप वेळ लागतो, आणि अनेकदा नोकरी परत मिळते पण मधला पगार मिळत नाही. त्याच्या घरी हप्ते आहेत, तुझ्या नाहीत. पुरावा त्याच्यासमोर मांड, वेव्हर घेतल्यास पुढे अपील उरत नाही हे सांग, आणि ठरवू दे त्याला.

नोटिशीचं पाकीट त्याने फेकलं नसेल ना? पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख मला बघायचीय. आज रात्री दोन्ही बाजूंचा फोटो पाठव, आणि तुमच्या करारातलं डिसिप्लिन रूलचं पानही. अख्खं पान, तळटिपांसकट.

तुझा,
काका