बाबांचं बीपी आणि रोजचं डार्क चॉकलेट: किती खरं, किती खायचं, कुठलं घ्यायचं

ताई, आधी गोळीचं सांगते, कारण बाकी सगळं थांबू शकतं. बाबांची बीपीची गोळी चॉकलेटच्या भरवशावर कमी करू नका. त्यांनी परस्पर कमी केली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा.

तुम्ही लिहिलंय की बाबा ६१ वर्षांचे आहेत, गोळी चालू आहे, शुगर काठावर आहे. भावाने अमेरिकेहून ७० आणि ८५ टक्क्यांच्या डार्क चॉकलेटचा खोका पाठवला. त्यातच ‘रोज दोन तुकडे खा, रक्तवाहिन्या मोकळ्या होतात’ असा मेसेज आला आणि आता दोन्ही वेळच्या जेवणानंतर चार-पाच तुकडे जातात. मी अन्नतंत्रज्ञान शिकले आणि नोकरीची बरीच वर्षं कोको आणि चॉकलेटच्या गुणवत्ता तपासणीत काढली. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, आणि त्यावर फिरणारे मेसेज वाचून जीव तुटतो. त्यांत खोटं फारसं नसतं. अर्धंच सांगितलेलं असतं.

मेसेजमागची मूळ गोष्ट खरी आहे. पनामाच्या किनाऱ्यालगत सान ब्लास बेटांवर कुना नावाचे आदिवासी राहतात. हार्वर्डचे डॉ. नॉर्मन हॉलनबर्ग यांनी नव्वदच्या दशकात त्यांचा अभ्यास केला. बेटांवरच्या लोकांचं बीपी वय वाढलं तरी वाढत नव्हतं, आणि त्यांच्या जेवणात मीठ काही कमी नव्हतं. त्यांच्यातलेच जे लोक पनामा सिटीत राहायला गेले, त्यांचं बीपी मात्र इतर शहरी माणसांसारखंच वयाबरोबर चढत गेलं. बेटावरची मंडळी दिवसातून कितीतरी कप कोको पीत होती. तिथून संशोधकांचं लक्ष कोकोतल्या फ्लॅव्हॅनॉल या घटकांकडे गेलं, त्यातही एपिकॅटेचिनकडे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि त्याने वाहिनी सैल पडते. फ्लॅव्हॅनॉल या कामाला मदत करतात. इथवर सगळं पटण्यासारखं आहे. फक्त कुना लोक चॉकलेटचा बार खात नव्हते, आणि बेटावरचं आयुष्य शहरापेक्षा इतरही शंभर बाबतींत वेगळं होतं.

मग माणसांवर रीतसर प्रयोग झाले. २०१७ साली कॉक्रेन या संस्थेने अशा ३५ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, त्यात मिळून १,८०४ लोक होते. बीपी खाली आलं, पण सरासरी दोन मिमीपेक्षाही कमी, म्हणजे बीपीच्या मशीनवरचे दोन अंकही नाहीत. ज्यांचं बीपी मुळातच जास्त होतं त्यांच्यात साधारण चार मिमी. बहुतेक प्रयोग काही आठवड्यांचेच होते आणि लोकांना दिलेली फ्लॅव्हॅनॉलची मात्रा रोज सरासरी ६७० मिलिग्रॅम होती. घरातल्या बारमधून एवढी मात्रा गाठणं अवघड आहे, ते का ते पुढे सांगते.

सगळ्यात मोठा प्रयोग अमेरिकेतला, कॉसमॉस नावाचा. साठीच्या पुढचे २१,४४२ लोक, निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण फ्लॅव्हॅनॉल नसलेली कॅप्सूल, आणि साडेतीन वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा. २०२२ मध्ये निकाल आला. हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे सगळे मिळून जो मुख्य आकडा होता, तो १० टक्क्यांनी कमी दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक टिकला नाही. हृदयविकाराने झालेले मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी होते. हा दुय्यम निष्कर्ष असल्यामुळे तो आशादायक म्हणायचा, पुरावा म्हणायचा नाही. बातम्यांमध्ये हे २७ टक्केच मोठ्या अक्षरात आले. आणि प्रयोगात दिली ती कॅप्सूल होती, चॉकलेट नव्हतं. या अभ्यासाला आणि या क्षेत्रातल्या इतर बऱ्याच संशोधनाला मार्स या चॉकलेट कंपनीचा पैसा आहे. म्हणून ते फेकून द्यावं असं मी म्हणणार नाही, कॉसमॉस नीट आखलेला प्रयोग आहे. पण वाचताना एवढं माहीत असावं.

आता तुमच्या टक्केवारीच्या प्रश्नाकडे येते. कोकोचं फळ फोडलं की पांढऱ्या गरात बिया असतात. त्या गरासकट ढीग करून केळीच्या पानांनी झाकतात आणि पाच-सात दिवस आंबवतात. मग उन्हात वाळवतात. आम्ही पोत्यातून मूठभर बिया काढून सुरीने उभ्या चिरायचो आणि आतला रंग बघायचो. आतून गडद जांभळी निघाली तर ती नीट आंबलेली नाही, तपकिरी आणि भेगाळलेली निघाली तर चांगली आंबली. जांभळी बी जिभेवर ठेवली की तोंड अक्षरशः आवळून येतं, कच्च्या सुपारीचा तुरटपणा. तो तुरटपणा म्हणजेच बराचसा फ्लॅव्हॅनॉलचा भाग. चांगल्या चवीसाठी बी तपकिरी व्हायला हवी, आणि तपकिरी होता होता फ्लॅव्हॅनॉल कमी होत जातात. पुढे भाजणीत आणखी जातात.

शेवटचा आणि सगळ्यात मोठा घाव अल्कलीचा. कोकोचा आंबट-कडवटपणा घालवायला आणि रंग गडद करायला त्यावर क्षाराची प्रक्रिया करतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात हॉलंडमध्ये निघाली म्हणून तिला डच प्रक्रिया म्हणतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत, प्रक्रिया न केलेल्या कोको पावडरीत ग्रॅममागे सरासरी ३४ मिलिग्रॅमच्या आसपास फ्लॅव्हॅनॉल सापडले, आणि भरपूर क्षारप्रक्रिया केलेल्या पावडरीत जेमतेम ४. म्हणजे जी पावडर जास्त काळी आणि चवीला मऊ, ती या बाबतीत बहुधा रिकामी.

रॅपरवरचे ७० टक्के म्हणजे त्या बारचा ७० टक्के भाग कोकोच्या बीपासून आला. त्यात कोको बटर, म्हणजे शुद्ध चरबी, तीही धरलेली असते. कुणी बटर जास्त घालेल, कुणी कमी, दोघांवरही ७०च लिहिलेलं असेल. बी किती आंबवली, किती भाजली, क्षार वापरला की नाही, यातलं काहीच तो आकडा सांगत नाही. तो एक गोष्ट मात्र नक्की सांगतो: साखर. ७० टक्क्यांच्या बारमध्ये साधारण ३० टक्के साखर, ८५मध्ये साधारण १५. बाबांची शुगर काठावर आहे तेव्हा ८५ त्यांच्यासाठी, ७० तुम्हा बाकीच्यांसाठी.

खोका अमेरिकेचा आहे, तर मागची घटकांची यादी वाचा. ‘प्रोसेस्ड विथ अल्कली’ असं दिसलं तर आरोग्याच्या नावाने तो बार खाण्यात अर्थ नाही, चवीसाठी खुशाल खा. आपल्याकडच्या पाकिटांवर अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर म्हणून ५००, ५०१, ५२४, ५२५ असे आकडे येतात, त्यांचा अर्थ बहुतेक वेळा तोच. यादीत साखर पहिली असेल तर तो बार नावालाच डार्क.

आणि एक खास आपल्याकडची गोष्ट. दिवाळीत घरोघरी चॉकलेटं बनवतात त्यासाठी दुकानात ‘डार्क कंपाउंड’ची लादी मिळते. त्यात कोको बटरच्या जागी पामच्या बीचं किंवा दुसरं वनस्पती तेल घट्ट करून घातलेलं असतं, कोको थोडा आणि साखर पुष्कळ. ते साच्यात पटकन बसतं, उन्हात लवकर वितळत नाही, म्हणून कामाला सोपं आहे. खाऊन ओळखता येतं. खरं चॉकलेट अंगाच्या उष्णतेवर, ३४ अंशांच्या आसपास वितळतं, जिभेवर ठेवलं की न चावता पसरतं. कंपाउंडचा मेणचट थर टाळूला चिकटून राहतो. बाबांना कुणी ‘घरी केलेलं डार्क चॉकलेट, एकदम हेल्दी’ म्हणून देत असेल तर ते कशाचं केलंय हे जरूर विचारा.

बाबांनी किती खावं? ८५ टक्क्यांच्या साधारण २० ग्रॅममध्ये सुमारे १२० कॅलरी येतात आणि संपृक्त चरबी पाच ग्रॅमच्या घरात. कोको बटरमधल्या चरबीचा जवळपास तिसरा हिस्सा स्टिअरिक आम्ल असतं आणि ते कोलेस्टेरॉल वाढवत नाही, हे खरं. पण बाकीचा भाग उरतोच. दोन्ही वेळ चार-पाच तुकडे म्हणजे दिवसाला ८०-९० ग्रॅम सहज होत असतील, म्हणजे पाचशेच्या आसपास कॅलरी. त्यांनी जेवणातली एकही पोळी कमी केली नसणार. तीन महिन्यांत वजन वाढेल, आणि वजन वाढलं की बीपी आणि शुगर दोन्ही वर जातील. जेवणानंतर छोटे दोन तुकडे, १५ ते २० ग्रॅम, बास. आणि तेसुद्धा रात्रीच्या पेढ्या-बर्फीच्या जागी, त्याच्या जोडीला नव्हे.

शुगरबद्दल तुम्ही डिसेंबर २०२४ची बातमी पाठवलीत, आठवड्यातून पाच वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांना मधुमेहाचा धोका २१ टक्के कमी. तो बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातला अमेरिकन परिचारिका आणि आरोग्यसेवकांचा दीर्घ अभ्यास आहे, काम चांगलं आहे. पण ते निरीक्षण आहे. डार्क चॉकलेट निवडणारी माणसं एरवीही वेगळं खातात-पितात. तो हिशेब कितीही वजा केला तरी पूर्ण जात नाही. त्यातलं मला उपयोगी वाटतं ते हे की मिल्क चॉकलेटमध्ये असा फायदा दिसला नाही, उलट खाणाऱ्यांचं वजन वाढलेलं दिसलं. ‘शुगर फ्री डार्क’च्या मागे लागू नका. त्यात बऱ्याचदा साखरेच्या जागी माल्टिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, त्यानेही शुगर थोडी वाढतेच, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं.

‘चॉकलेटने वजन घटतं’ हे तुमच्या मेसेजमधलं वाक्य मात्र सरळ पुसून टाका. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम एक कच्चा अभ्यास केला. जेमतेम १५ माणसं घेऊन १८ गोष्टी मोजल्या, म्हणजे त्यातली एखादी तरी योगायोगाने जुळण्याची शक्यता बरीच. पैसे भरून एका नियतकालिकात छापून आणला. जर्मनीच्या बिल्डसारख्या मोठ्या वर्तमानपत्रांनी तो उचलला. नंतर त्यानेच जाहीर केलं की आहारविषयक बातम्या किती सहज खपतात हे दाखवायला हे केलं होतं. मूळ बातमी अजून फॉरवर्ड होत असते.

वहिनींनी हिमोग्लोबिनचं विचारलंय. चॉकलेटात लोह आहे, २० ग्रॅममध्ये दोन-सव्वादोन मिलिग्रॅम. पण बाईची रोजची गरज भारतीय शिफारशीप्रमाणे २९ मिलिग्रॅम आहे, आणि कोकोतलीच पॉलिफेनॉल लोह शोषू देत नाहीत. लोहाची गोळी चालू असेल तर ती आणि चॉकलेट यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

मुलांना रोज द्यायचं का, याला माझं उत्तर नाही असं आहे. कारण शिसं आणि कॅडमियम. कॅडमियम झाड जमिनीतून घेतं, लॅटिन अमेरिकेतल्या काही भागांतल्या जमिनीत ते जास्त असतं. शिसं बहुतांशी तोडणीनंतर, बिया उघड्यावर वाळत असताना धुळीतून बसतं. डिसेंबर २०२२ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्सने अमेरिकेत २८ डार्क बार तपासले. त्यातल्या २३ बारांचं रोज एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम खाल्लं तर कॅलिफोर्नियाच्या कडक मर्यादेवर एका तरी धातूचं प्रमाण जात होतं. धातू कोकोच्या घन भागात असतात, म्हणून टक्केवारी वाढली की हेही वाढण्याकडे कल असतो. अधूनमधून खाणाऱ्या मोठ्या माणसाने घाबरायचं कारण नाही. लहान मुलं आणि गरोदर बायका यांनी मात्र रोजची सवय लावू नये, आणि बाबांनीही एकच ब्रँड धरून बसू नये.

बाबांना कधी मुतखडा झालाय का? झाला असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या, कोकोत ऑक्झलेट भरपूर असतं. किडनीच्या रुग्णांना पोटॅशियमचं पथ्य असतं, त्यांनाही हेच लागू. रात्री छातीत जळजळ होत असेल तर जेवणानंतरचे तुकडे दुपारी घ्यायला सांगा. घरात कुत्रा असेल तर खोका उंचावर ठेवा, चॉकलेटातलं थिओब्रोमाइन त्याच्या जिवावर बेतू शकतं.

फ्लॅव्हॅनॉलच हवे असतील तर बारपेक्षा क्षारप्रक्रिया न केलेली कोको पावडर बरी. एक चमचा गरम पाण्यात किंवा दुधात, साखर न घालता. कडू लागते, पण चहाची सवय असलेल्या माणसाला आठवड्याभरात जमते. धातूंचं वर लिहिलं ते पावडरीलाही लागू आहे, म्हणून दिवसाला एकच चमचा. आणि बीपीचा आकडा खरंच खाली आणायचा असेल तर मिठाकडे बघा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात पापड, लोणचं, फरसाण, चटणी सगळं आलं. बाबांच्या ताटातलं रोजचं लोणचं आणि पापड थांबले तर चॉकलेटपेक्षा मोठा फरक दिसण्याची शक्यता आहे. घरी मशीन आहेच तर पाच मिनिटं शांत बसवून सकाळी गोळीच्या आधी मोजा, दोन आठवडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी कमी होणार असेल तर त्या वहीवरून ते ठरवतील.

शेवटचा प्रश्न, बारवर पांढरा थर आलाय तो. ती बुरशी नसावी. प्रवासात गरम होऊन चॉकलेट थोडं वितळलं, पुन्हा थिजलं आणि कोको बटर वर आलं. बोट फिरवल्यावर तेलकट लागून थर नाहीसा झाला तर तेच आहे. चव जराशी भुरभुरीत होते, खायला काही हरकत नाही. फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर बारवर पाणी धरतं आणि मग साखरेचा खरखरीत थर येतो.