आधी माणसं, मग दप्तर, मग दगड

अनेक आशीर्वाद.

तालुक्याचा इतिहास नोंदवायची तुझी योजना वाचली. सुरुवात गढी, हेमाडपंती देवळं आणि वेशीवरच्या वीरगळांपासून (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांपासून) धरली आहेस. हा क्रम बदल. जे आधी नाहीसं होणार, ते आधी नोंदवायचं. ऐंशीच्या पुढची माणसं पहिली, घरांतली दप्तरं, म्हणजे जुने कागद, दुसरी, दगड तिसरे. अपवाद एकच: ज्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी सुरू झाली असेल, तिथं उद्याच जा. बांधकाम सुरू झालं की सुटी शिल्पं पायाच्या भरावात जातात आणि शिलालेखावर फरशी बसते.

म्हाताऱ्या माणसाला “हे कोणत्या साली झालं?” असं विचारू नये. सन आठवत नाही आणि आग्रह केला तर माणूस भिडेखातर काहीतरी सांगतो. “बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?”, “कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का?” असं विचार. भूकंपाची तारीख पक्की आहे, 11 डिसेंबर 1967. तिच्या अलीकडे-पलीकडे बाकीचं बसवता येतं. तीन-चार जण एकत्र बसले तर मोठ्या आवाजाच्या माणसाचं म्हणणं तेवढं टिकतं, म्हणून प्रत्येकाला वेगळं भेट. पाटलाच्या ओसरीवर थांबू नकोस. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत, धनगरवाड्यावर, बलुतेदारांच्या घरी तेच गाव निराळं ऐकायला मिळतं. बायकांशी बोलायला त्यांच्याच घरातली कुणी सोबत असावी. जात्यावरच्या ओव्यांत गावं, देवस्थानं, बाजार आणि माहेरच्या वाटा येतात, त्या पाटीलकीच्या कागदात नसतात.

शक्य असेल तर त्यांना घेऊन शिवार चाल. ओढा, टेक, विहीर, बांध, प्रत्येकाचं नाव जागेवर विचार आणि तिथंच मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपून ठेव. ही नावं सातबाऱ्यावर नसतात. जमीन विकली गेली की एका पिढीत जातात.

ध्वनिमुद्रण करताना फोन एअरप्लेन मोडवर आणि घडी घातलेल्या कापडावर ठेव, पंखा बंद कर. सुरुवातीला तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचं नाव मोठ्यानं बोल, परवानगीही त्याच मुद्रणात असू दे. तासाभरापुढे माणूस थकतो. जमिनीचे वाद आणि घराण्यांची भांडणं ऐकून घे, पण सांगणारा हयात असेपर्यंत जाहीर करू नकोस.

आता दप्तर. गांधीहत्येनंतरच्या, 1948 च्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी वाडे जळाले आणि त्यांत दप्तरंही गेली, त्यामुळे उरलेल्या प्रत्येक रुमालाला, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला, मोल आहे. रुमाल सुटला की कागद तारखेप्रमाणे लावायचा मोह होतो, तो आवर. कोणता कागद कशाच्या शेजारी ठेवला होता यावरून ते कुलकर्ण्याचं दप्तर, देशमुखीचं की सावकारीचं हे कळतं. आहे त्याच क्रमानं फोटो घे: उजेड खिडकीतला, फ्लॅश बंद, कॅमेरा कागदाला समांतर, कडेला पट्टी. पाठची बाजू कोरी दिसली तरी घे. लांब कागद तुकडे चिकटवून केलेले असतात आणि सांध्यावरचा शिक्का पाठीमागे असू शकतो.

जुनी काजळाची शाई डिंकात खललेली असते. ओल्या फडक्यानं पुसलीस तर अक्षर फासलं जातं. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्यानंच काढ. सेलोटेप लावू नकोस, तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर कधीच नको, कारण ते पुन्हा काढता येत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. धुऊन खळ काढलेलं मांजरपाट आणि जमिनीपासून उंच असलेलं कोरडं कपाट एवढं पुरतं. कागद मालकाच्या घरीच राहू दे, तू फोटो ने आणि एक प्रत त्याला दे.

मोडी शिकावीच लागेल. अक्षरापेक्षा सनात जास्त चुका होतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण पौष ते फाल्गुनातली तारीख जानेवारीच्या पुढची असेल तर 79. फसलीत, म्हणजे महसुली सनात, साधारण 590. सुहूर सन ही जुन्या मराठी कागदांतली आणखी एक कालगणना; ती अरबी शब्दांत लिहितात, एकक आधी आणि हजार शेवटी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे 1, 60, 100, 1000, मिळून 1161. हा सन मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. त्यामुळे जून ते डिसेंबर 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. याच सनात जानेवारी 1761, म्हणजे पानिपत येतं. ‘सबा’ सात आणि ‘सबैन’ सत्तर, ‘समान’ आठ आणि ‘समानीन’ ऐंशी. घाईच्या मोडीत यांची गल्लत झाली की कागद साठ-सत्तर वर्षं सरकतो.

तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार आणि गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुक माग. साथीच्या वर्षांतले मृत्यू त्यात ओळीनं दिसतात. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा घे. जुन्या कागदातला सर्व्हे नंबर आजच्या गट नंबराशी जुळत नाही, कारण मध्ये एकत्रीकरण झालं. दोन्ही जुळवायला 9(3), 9(4) चा उतारा लागतो. तो नसेल तर इनामाची जमीन भलत्याच शेतात दाखवली जाते.

दगडांकडे दिवस मावळल्यावर जा. विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूनं उजेड टाकला की दुपारी सपाट दिसणारी अक्षरं सावलीनं उठतात. खडू, पीठ, चुना, तेल काही फासायचं नाही. खडूनं तू जे गिरवशील तेच पुढचा माणूस वाचेल. वीरगळ खालच्या चौकटीपासून वर वाचायचा: खाली पडलेला वीर, मध्ये लढाई, वर शिवलिंगाची पूजा. उंची, रुंदी, जाडी, तोंड कोणत्या दिशेला आणि शेजारी काय, हे सगळं लिही. गद्धेगळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा, गाढवाचं चित्र असलेला दगड) अशुभ म्हणून कुणी उलटा पुरायला निघालं, तर अलिबागजवळच्या अक्षीच्या शके 934 च्या लेखाबद्दल सांग; मराठीतल्या अतिशय जुन्या लेखांपैकी एक अशाच दगडावर आहे. गावाला ऑइल पेंट आणि सँडब्लास्टिंगपासून परावृत्त कर. सँडब्लास्टिंगमध्ये शेंदराबरोबर दगडाचा वरचा थर उडतो आणि उथळ अक्षरं त्या थरातच असतात.

पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर खणू नकोस. घराच्या धाब्यावर (मातीच्या छपरावर) किंवा शेतात टाकायला माती नेली जाते, तिथं आयता छेद उघडा पडलेला असतो. राखेचे थर आणि खापरं दिसतील, त्यांचे फोटो पट्टी ठेवून जागेवरच घे. नाणी किंवा दागिने निघाले तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, हे शेतकऱ्याला शांतपणे सांग. तो घाबरला तर वस्तू सोनाराकडे वितळायला जाते.

फोटोच्या फाइलला गाव, गट नंबर, तारीख आणि अनुक्रम असं नाव त्याच रात्री दे. प्रती तीन ठेव, त्यांतली एक दुसऱ्या गावात.

पुण्याच्या पेशवे दप्तरात इतक्यात जाऊ नकोस. आजच्या तालुक्याचं नाव घेऊन तिथं हाती काही लागत नाही. गाव कोणत्या परगण्यात आणि तरफेत (जुन्या महसुली विभागांत) होतं, त्याचं नाव मोडीत कसं लिहीत, बुद्रुक-खुर्द अशी जोडी आहे का, हे घरच्या दप्तरांतून आधी काढ. वीस-पंचवीस गावांची अशी यादी तयार झाली की कळव, म्हणजे कोणते रुमाल आधी मागवायचे ते ठरवू.